न बघता ‘चालेल’

सोमवार, ३

आजपासून रोजनिशी. ही माझी हौस नाही, मला डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टर म्हणजे समुपदेशक. वय तिशीच्या आसपास. भिंतीवरची चौकट डावीकडे कललेली, टेबलावर कागदांचा ढिगारा, एकाही पेनाला टोपण नाही. आणि हा माणूस मला मनाची घडी कशी बसवायची ते शिकवणार!

दाराबाहेरची पाटी तर विचारूच नका. ‘व्यक्तिमत्व विकार व कामाचा ताण : सल्ला केंद्र’. व्यक्तिमत्व! ‘त्त्व’मधला एक त गायब. पाट्यांच्या कारखान्यात माझी उभी हयात गेली, त्यामुळे आत जाऊन बसले तरी जीव त्या त मध्येच अडकलेला. तो विचारत होता, “कामावर तुम्हाला काय त्रास होतो?” मी म्हटलं, “मला काही त्रास नाही. बाकीचे नीट काम करत नाहीत, एवढंच.” त्यानं ते लिहून घेतलं. बरं वाटलं. इतकी वर्षं मी हेच सांगतेय, कोणीतरी एकदाचं लिहून घेतलं.

तिथे मला पाठवलं छोट्या मालकांनी. मोठे मालक गेल्यापासून कारखाना तो बघतो. लहान होता तेव्हा माझ्या टेबलाखाली बसून लाकडी अक्षरं चघळायचा. आता मला समोर बसवून समजावतो. “मावशी, शाळेच्या पाट्या आपण कधी पोचवल्या, आठवतंय? वर्ष संपत आलं होतं. पोरं तोवर आपापले वर्ग शोधून बसली होती.” मी म्हटलं, “पण पाट्या बघितल्यास का? एका तरी अक्षराला नाव ठेवून दाखव.” तर म्हणे, मुद्दा तो नाही.

मुद्दा असा की नवं रुग्णालय उघडतंय, तिथल्या सगळ्या पाट्या आपल्याकडे आल्यात, हातानं रंगवलेल्या हव्यात. उद्घाटनाच्या आत त्या लागल्या नाहीत, किंवा तिथल्या व्यवस्थापकांनी काम पुरं झाल्याची सही दिली नाही, तर कारखाना झटपटच्या हाती जाणार आणि मी वर ऑफिसात, पंख्याखाली, खुर्चीत. “तुमचा मान तसाच राहील,” म्हणाला. वर बसून त्या मानेचं मी काय करू, डोलवू?

झटपट म्हणजे आमची अक्षरं कापणारी. एका मुलाची आई आहे, पण काम असं करते की जणू खाली रिक्षा थांबवून आलीय. दुसरा रंगारी. ब्रश हातात घेतला की गळा सुटतो, म्हणून त्याला सगळे बुवा म्हणतात. या दोघांनी मालकाला सांगितलंय म्हणे की ताई खाली असतील तर आम्ही जातो. मला काही हे खरं वाटत नाही. त्या दोघांना मी किती जीव लावते! त्यांची एकेक पाटी मी स्वतः परत करते.

हे पान आधी कच्च्या कागदावर लिहिलं, मग इथे उतरवलं. मग ते फाडून पुन्हा उतरवलं.

मंगळवार, ४

रुग्णालयाचं काम सुरू. सकाळी बुवानं ‘बाहेर’ रंगवली आणि ओली असतानाच नाचवत घेऊन आला. “ताई, चालेल?”

या शब्दाचं आणि माझं वैर आहे. चालेल म्हणजे काय? चांगलं आहे असंही नाही, वाईट आहे असंही नाही. चालेल म्हणजे लंगडत चालेल, धरून धरून चालेल, दारापर्यंत जाईल आणि तिथे बसकण मारेल. माझ्या कारखान्यात हा शब्द फक्त विचारायचा असतो. उत्तरात मी म्हणते, “पुन्हा.”

“‘ह’ला पोट सुटलंय,” मी दाखवलं.

“रुग्णालयातला आहे ना ताई,” बुवा म्हणाला, “करतील की ते उपचार.”

मी हसले नाही. ‘ह’ पुसला आणि स्वतः काढला. तो इतका सुबक आला की शेजारचा ‘बा’ मरतुकडा दिसायला लागला, म्हणून तोही पुसला. मग ‘र’नं काय घोडं मारलं होतं? संध्याकाळी अख्खं ‘बाहेर’ माझ्या हातचं झालं. झटपट चपला घालता घालता म्हणाली, “दिवसभरात एक ‘बाहेर’ झालं. ‘आत’ कधी जायचं?” आणि दोघं खिदळत गेले. हसतखेळत काम करणारी माणसं मिळाली हे मात्र माझं भाग्य.

शुक्रवार, ७

या आठवड्यात बाण. रुग्णालयात बाणांशिवाय पान हलत नाही. रक्त तपासायला डावीकडे, हाडांसाठी उजवीकडे, पैसे भरायला सरळ. बुवाचे बाण नकटे आहेत. नकट्या बाणावर कोण विश्वास ठेवेल? मी सगळे परत काढायला घेतले आहेत. झटपट तिच्या खुर्चीतून माझ्याकडे नुसती बघत राहते. शिकायची इच्छा असावी.

एक पाटी मात्र कोरी आहे. अपघात झालेल्या, कंबरेची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसांना जिथे परत चालायला शिकवतात, त्या खोलीचं नाव काय ठेवायचं यावर त्यांच्यातच वाद आहे. व्यवस्थापक साहेब फोनवर म्हणाले, “ठरलं की कळवतो.” बुवाला सांगून ठेवलं, ती पाटी शेवटी कर, नाव मी सांगेन.

दुपारी जेवताना पडद्यापलीकडून दोघांचं बोलणं कानावर आलं. कोणा ‘पुन्हाबाई’बद्दल चाललं होतं. पुन्हाबाईनं आज बाणाचं नाक कसं धरलं, पुन्हाबाई स्वर्गात गेली तर दारावरची पाटी उतरवून घेईल, असं बरंच काही. हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी. ही कोण बया आहे देव जाणे, पण तिच्या हाताखालच्यांची मला कीव आली.

सोमवार, १०

समुपदेशकाकडे दुसरी खेप. त्याच्यासाठी नवी पाटी करून नेली, दोन्ही त घालून. घरी संध्याकाळचं बसून केली. फार खूश झाला. कुरवाळतच बसला पाटीला. मग विचारलंन, “किती वेळ लागला?”

“आठवडा.”

“आणि रुग्णालयाच्या किती झाल्या?”

मी त्याच्या भिंतीवरची चौकट सरळ करायला उठले.

मग तो बोलला. पक्कं सांगायला अजून काही बैठका लागतील, पण लक्षणं अशी दिसतात, म्हणाला. काही माणसांचं काटेकोरपण इतकं घट्ट होतं की त्यांच्या हातून काम पुरंच होत नाही. दुसऱ्यावर सोपवता येत नाही, सोपवलं तर राहवत नाही. हाताखालची माणसं वैतागून निघून जातात. आणि यातली गोम अशी की आपलं काही चुकतंय असं त्यांना वाटत नाही, बाकीचं जगच वेंधळं वाटतं. मी म्हटलं, “अगदी बरोबर. आमच्या यांची बहीण हुबेहूब अशी आहे.” आणि वन्सं चहाच्या कपांचे कान एका दिशेला कसे लावतात ते साग्रसंगीत सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, “ताई, मी तुमच्याबद्दल बोलतोय.”

अतिकाटेकोर व्यक्तिमत्त्वाचा विकार, असं नाव त्याला. ‘विकार’ तेवढा काढून टाकला तर ही शाबासकीच आहे. काटेकोर, आणि वर अति.

पण मग त्यानं एक विचारलं, “पाटी हातातून सोडताना काय होतं?” तिथे मी अडखळले. खरं सांगायचं तर भीती वाटते. रुग्णालयात येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो. माझ्या पाटीनं त्याला चुकीच्या दाराशी नेऊन उभं केलं तर? शेवटचा हात फिरवायचा राहिला आणि तेवढ्यावरून काही झालं तर? हात फिरवत असते तोवर मला सुरक्षित वाटतं. पाटी माझ्यासमोर असते तोवर कोणीही वाट चुकलेलं नसतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं. यांनाही नाही. त्यानं या वेळी काही लिहून घेतलं नाही.

गृहपाठ दिला. रोज एकदा, कोणी काही विचारलं तर म्हणायचं, “चालेल.” न बघता.

“न बघता?”

“न बघता.”

म्हणजे डोळे मिटून विहिरीत उडी!

मंगळवार, ११

घरापासून सुरुवात करावी म्हटलं. आमचे हे लोकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. इतकी वर्षं तो दाबून दाबून अशी सवय झालीय की मी घरात बोलायला लागले की यांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जातो. माणूस तसा शांत.

आज यांनी चादरींच्या घड्या घातल्या. घड्या कसल्या, गाठोडी ती. मी दातांवर दात ठेवले, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, “चालेल.”

हे एकदम जवळ आले, माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाले, “काय होतंय? छातीत दुखतंय का?” मग गृहपाठाचं सांगितलं. हे म्हणाले, “हा मुलगा फी किती घेतो? दुप्पट देऊ.”

रात्री चादरींच्या घड्या मी नीट केल्या. न बघता म्हणायचं एवढंच ठरलं होतं, नंतर बघायचं नाही असं काही ठरलेलं नव्हतं.

गुरुवार, १३

जमलं!

काल कारखान्यात दिवसभर तोंड उघडलं होतं, शब्द बाहेर पडला नव्हता. आज ठरवून आले. दुपारी मी भिंतीकडे तोंड करून बाणाचं टोक घासत होते. झटपटचं मशीन घरघरत होतं. मागून बुवानं काहीतरी विचारलं. पाटी, खोली, असे दोन शब्द कानावर पडले. बाकी सगळं मशीननं गिळलं. मान वळणार होती, पण मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि भिंतीला सांगितलं, “चालेल!”

बुवा मोठ्यानं म्हणाला, “फक्त एवढंच?”

“एवढंच,” मी म्हटलं. उगाच शब्द वाढवले असते तर गृहपाठ बिघडला असता.

मशीन बंद झालं. झटपट म्हणाली, “ताई, मस्त!” ती मला पहिल्यांदाच असं काही म्हणाली. मी अजूनही भिंतीकडेच बघत होते. आतून हलकं हलकं वाटत होतं. बुवा गायला लागला. मी त्याला थांबवलं नाही. घरी येऊन यांना सांगितलं, तर यांनी चक्क बाहेरून जेवण मागवलं.

सोमवार, १७

मला लुटलं.

आज समुपदेशकाकडे तिसरी खेप होती. झटपट सकाळीच मागे लागली होती, “ताई, उशीर होईल, निघा. ताई, आज निवांत बसा तिथे, घाई करू नका.” मला वाटलं, काळजी. बुवानं तर माझी पर्स आणून हातात दिली.

परत आले तर कारखाना रिकामा. मांडणी रिकामी, वाळत घातलेल्या पाट्यांच्या दोऱ्या रिकाम्या, ज्या बाणांना मी उद्या परत रंग देणार होते ते बाणसुद्धा नाहीत. जमिनीवर नुसते रंगाचे ठिपके. मी तिथल्या तिथे बाक ओढून बसले. थोड्या वेळानं दोघं टेम्पोतून उतरले, धुळीनं माखलेले, आणि मला बघून दारातच थबकले.

“सगळ्या लावून आलो,” झटपट म्हणाली. “उद्घाटनाला आठवडा आहे अजून.”

“मी बघितल्या नव्हत्या,” मी म्हटलं.

“म्हणूनच,” बुवा म्हणाला आणि मग जीभ चावली.

मी उठून हात धुवायला गेले. पाणी सोडून दिलं आणि रडले. रागानं की कशानं, ते मलाही सांगता येणार नाही. माझ्या हातून एवढं काम निघून गेलं आणि जाताना माझ्याकडे कोणी वळून बघितलं नाही, असं वाटलं.

मंगळवार, १८

कोणाशी बोलत नाही. बुवानं दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा मी तो पडद्याकडे तोंड करून प्यायले.

छोटे मालक हवेत आहेत. आले आणि सगळ्यांच्या पाठी थोपटून गेले, माझीसुद्धा. मी म्हटलं, एकदा रुग्णालयात जाऊन नजर टाकून येते. तर दोन्ही हात जोडले त्यानं. “मावशी, उद्घाटन होईस्तोवर तिकडे फिरकायचं नाही. तुम्ही नजर टाकाल आणि पाट्या परत येतील.” सही उद्घाटनानंतर मिळणार. ती मिळाली की कारखाना माझाच, असं पुन्हा एकदा म्हणाला. म्हणजे माझं सगळं आता न बघितलेल्या पाट्यांच्या हातात.

सोमवार, २४

आज रुग्णालय उघडलं. सकाळपासून मी फोनच्या शेजारी. आता वाजेल, कोणीतरी सांगेल की बाई, तुमच्या नकट्या बाणामुळे एक माणूस डोळे तपासायला म्हणून गेला आणि दात काढून आला. दुपार झाली, संध्याकाळ झाली. एकही तक्रार नाही. लोक आपले बरोबर ठिकाणी जाऊन पोचत होते.

याचं मला बरं वाटायला हवं. यांना म्हटलं, “इतकी वर्षं मी जे पुसून पुसून केलं त्याची गरज नव्हतीच की काय?” यांचा पाय फरशीवर दाबला गेला नाही. हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून हे म्हणाले, “थोडी होती.” मग जरा थांबून, “पण एवढी नव्हती.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे माझ्याशी असं सरळ कधी बोलले नव्हते. राग यायला हवा होता. आला नाही.

बुधवार, २६

फोन आला. व्यवस्थापक साहेबांचा, आणि नेमका छोट्या मालकांना. त्यानं आम्हा तिघांना वर बोलावलं.

“चालण्याच्या सरावाची खोली,” तो म्हणाला. “तिच्या पाटीवर काय लिहिलंय?”

बुवा निरागसपणे म्हणाला, “चालेल.”

“काय चालेल?”

“तेच. ‘चालेल’ असंच लिहिलंय. नाव ताई सांगणार होत्या. मी विचारलं, त्या खोलीच्या पाटीवर काय टाकू. ताई म्हणाल्या, चालेल. फक्त एवढंच का, असंही विचारलं. म्हणाल्या, एवढंच.”

“मीही ऐकलं,” झटपट म्हणाली. “आम्हाला तर फार आवडलं. म्हटलं, ताईंना सुचतं हं!”

गुरुवार. भिंत. मशीन. जन्मभर ज्या शब्दाला मी कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, तो माझ्याच तोंडून निघाला आणि पाटीवर जाऊन बसला, रुग्णालयात, चार स्क्रू ठोकून.

छोटे मालक माझ्याकडे बघत होते. मशीनचा आवाज होता, नीट ऐकू आलं नाही, असं सांगता आलं असतं. खरंच होतं ते. पण मग सगळा दोष बुवावर गेला असता, आणि त्याच्या तोंडावरचा रंग आधीच उडाला होता. मी म्हटलं, “माझाच शब्द. त्यांनी सांगितलं तसं केलं.”

साहेबांचं म्हणणं असं की नाव कळवायचं राहून गेलं ही त्यांची चूक कबूल, पण म्हणून कोणी पाटीवर वाटेल ते लिहावं का? शुक्रवारपर्यंत ‘चालण्याचा सराव कक्ष’ अशी पाटी लागली नाही तर सही नाही. “आणि सही नाही तर मावशी,” छोटे मालक म्हणाले, “मी शब्द दिलाय दोघांना.” हे त्यानं खाली बघत सांगितलं. टेबलाखालचा तो मुलगा मला तेवढ्यापुरता परत दिसला.

नवी पाटी मी स्वतः करणार. कोणी हात लावायचा नाही.

शुक्रवार, २८

पाटी काल एका दिवसात झाली. इतक्या लवकर माझ्या हातून आजवर काही झालं नाही. बघत बसायला वेळच नव्हता. ‘क्ष’ थोडा बसका आलाय.

आज यांनी सोडलं, पण गाडी चालवत होता यांचा एक शिकाऊ. प्रत्येक चौकात गाडी बंद. मी मागच्या सीटवर पाटी मांडीवर धरून, आणि या वेळी पाय माझा दाबला जात होता. हे मजेत खिडकीबाहेर बघत होते.

रुग्णालयात शिरल्यावर कोणाला विचारायचं नाही असं ठरवलं होतं. बुवाच्या नकट्या बाणांमागून निघाले. डावीकडे, जिना, उजवीकडे, लांब व्हरांडा. पोचले. एकदाही थांबावं लागलं नाही.

व्हरांड्याच्या टोकाला ती खोली आणि दारावर ती पाटी. आधी अक्षर बघितलं. बुवानं जीव ओतलाय हे कबूल करायला हवं. ‘चा’ आणि ‘ले’ असे एकमेकांच्या हाताला धरून निघाल्यासारखे, आणि ‘ल’ पुढे. पण ‘ल’च्या खालचा रंग चार दिवसांतच काळवंडलेला. बोटांचे ठसे. सगळ्या पाटीभर ठसे! स्क्रू चारही चार दिशांना. मी पिशवीतून पेचकस काढला आणि पहिला स्क्रू सोडवायला घेतला. पाटी एका अंगानं जरा झुकली.

“आलात? बरं झालं,” मागून आवाज. व्यवस्थापक साहेब. बुटके, नीटनेटके, खिशात चार पेनं, चारही टोपणं एका रेषेत. बघताक्षणी मनात आलं, असा माणूस आमच्या कारखान्यात असता तर! साहेब म्हणाले, “बाई, मला काय खटकलं सांगू? अक्षर उत्तम आहे. पण वाक्याला कर्ताच नाही. चालेल, चालेल. कोण चालेल?”

“मी,” कोणीतरी म्हणालं. “सरका दोघं.”

व्हरांड्याच्या कडेच्या दांडीला धरून एक बाई येत होती. माझ्याच वयाची, घामानं केस कपाळाला चिकटलेले. तिच्यापुढे उलटी पावलं टाकत चालायला शिकवणारी मुलगी येत होती. खोलीत जागा अपुरी म्हणून सराव बाहेरच करतात. त्या मुलीनं हळूच आम्हाला सांगितलं, “जरा बाजूला होता का? पाटीला हात लावल्याशिवाय त्या परत फिरत नाहीत. कोणीच फिरत नाही. पहिल्या दिवशी एका आजोबांनी सुरू केलं.”

साहेब एका बाजूला सरकले, मी दुसऱ्या बाजूला. बाईनं उरलेली पावलं टाकली. तिचा एक पाय नीट उचलला जात नव्हता, फरशीवरून घासत येत होता. शेवटच्या पावलाला दांडी संपते आणि दार लागेपर्यंत मध्ये धरायला काहीच नाही. तिथे ती थांबली. मी हात पुढे केला तर त्या मुलीनं डोळ्यांनी मला नको म्हटलं. मी हात मागे घेतला. माझ्या आयुष्यात मागे घेतलेला इतका जड हात दुसरा नसेल. मग बाईनं पाय उचलला, टाकला, आणि धपकन तळवा पाटीवर, बरोबर ‘ल’वर. पाटी डुगडुगली. बाई वाचत असल्यासारखी म्हणाली, “चालेल,” आणि वळून परत निघाली.

साहेब खिशातली पेनं पुन्हा पुन्हा नीट करत होते.

काढलेला स्क्रू मी परत बसवला, घट्ट केला. पाटीवरचा तळव्याचा तो ओला ठसा पुसायला हात गेला होता, तो खिशात घातला. “साहेब,” मी म्हटलं, “ही पाटी मी काढणार नाही. सही द्यायची नसेल तर देऊ नका.”

साहेबांनी परत निघालेल्या त्या बाईकडे बघितलं. मग आतल्या खिशातून कागद काढला. लिहायला आधार हवा होता, म्हणून माझ्या काखेतली नवी पाटी मागून घेतली, पालथी धरली आणि तिच्यावर कागद ठेवून सही केली. फार जोर देऊन लिहितात ते. पाटीला मागून ओरखडा पडला. मला तो दिसला.

“तारीखही घाला,” मी म्हटलं.